अखेरच्या दिवशी हाती पडणारे बिल

हर्निया, पित्ताशयातील खडे, आंत्रपुच्छाची सूज, मोतीबिंदू, पावसाळा सरता सरता घरोघर शिरणारा डेंग्यू आणि सुरळीत पार पडणारे बाळंतपण यांत आता वैद्यकशास्त्राला कोडे पडावे असे फारसे काही उरलेले नाही. या दुखण्यांचा क्रम, त्यांवरील उपचार, रुग्णालयात काढावे लागणारे दिवस आणि घरी परतल्यावर पाळावयाचे पथ्य हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने इतके ठरून गेले आहे की, कोणताही जाणता शल्यचिकित्सक ते रुग्णाला पाच मिनिटांत आणि बहुधा बिनचूक सांगू शकतो. सांगितली जात नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे या सगळ्याला पैसा किती लागेल. त्याविषयी स्वागतकक्षातून ‘लाख-सव्वा लाख धरून चाला’ असे एक मोघम उत्तर मिळते, त्यावर विसंबून घरची माणसे रकमेची तजवीज करतात, अनामत भरतात, आणि घरी सोडण्याच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत खिडकीसमोर ताटकळल्यावर जे बिल हाती येते ते पावणेदोन-दोन लाखांचे निघते. मधल्या काळात दुखण्याने काही अनपेक्षित वळण घेतले असते, तर या वाढीचे कारण तरी समजले असते. परंतु शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झालेली असते, रुग्ण ठरल्या दिवशी हिंडूफिरू लागलेला असतो, आणि तरीही अंदाज आणि आकडा यांचा मेळ बसत नाही.

या प्रसंगी जो संताप उसळतो तो बहुधा समोरच्या डॉक्टरांवर उसळतो, आणि मला वाटते, तेथेच विचाराची वाट चुकते. लोभी डॉक्टर नाहीत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु हे बिल कोणा एका माणसाने लोभाने लिहिलेले नसते. ते चार-पाच खात्यांतून, त्या त्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे, तुकड्यातुकड्यांनी जमा होत गेलेले असते. प्रत्येक तुकड्याचे समर्थन करणारा कोणीतरी असतो, मात्र सगळ्यांची बेरीज काय होणार हे आधी सांगण्याची जबाबदारी त्यांपैकी कोणावरच नसते. बाजारात इतर कोणताही जिन्नस घेताना आपण किंमत ऐकून मग तो घ्यावयाचा की नाही हे ठरवतो. येथे जिन्नस आधी शरीरात जातो आणि त्याची किंमत मागाहून ठरते, तीही विकणाऱ्याच्या दप्तरात. हा क्रम जोवर उलटत नाही तोवर दर कमी-जास्त झाले तरी धक्का कायम राहणार, असे माझे मत आहे.

प्रश्न किती जणांचा आहे हे पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशभरातील कुटुंबांना रुग्णालयातील भरतीच्या खर्चाविषयी विचारण्यात आले तेव्हा, बाळंतपणे वगळून, एका भरतीमागे सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये निघाला. ही सरासरी आहे. तिच्यात तालुक्याच्या गावातील सहा खाटांचे शुश्रूषागृह आणि मुंबईतील काचेच्या भिंतींचे रुग्णालय एकाच तराजूत तोलले गेले आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट आशादायक आहे हे नाकारण्याचे कारण नाही. पण टक्केवारी देशाची असते, बिल एका घराचे असते, आणि ते एका दुपारी भरावयाचे असते.

आता बिलाकडे वळू, आणि त्यातील सर्वांत निरुपद्रवी वाटणाऱ्या ओळीपासून, म्हणजे खोलीच्या भाड्यापासून आरंभ करू. भरतीच्या वेळी खिडकीमागची व्यक्ती विचारते: जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल की डिलक्स? रुग्णाचा मुलगा मनाशी हिशेब करतो की, दिवसाला तीन हजारांचा फरक, तीन दिवसांचे नऊ हजार, आईला जरा निवांत झोप मिळेल, घेऊ या स्वतंत्र खोली. त्याला कोणी सांगत नाही, आणि त्याला सुचण्याचेही काही कारण नाही, की त्याने त्या क्षणी केवळ पलंग आणि स्नानगृह निवडलेले नसून पुढच्या सगळ्या बिलाचा दर निवडलेला आहे. अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांच्या दरपत्रकात एकाच शस्त्रक्रियेपुढे खोल्यांच्या प्रतीप्रमाणे चार-पाच रकाने असतात: शल्यचिकित्सकाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीचा आकार, शुश्रूषेचा आकार, आणि कित्येक ठिकाणी रक्तलघवीच्या तपासण्यादेखील, खोली जशी वरच्या प्रतीची तशा महाग होत जातात. भूलतज्ज्ञाचे आणि साहाय्यक शल्यचिकित्सकाचे शुल्क मुख्य शल्यचिकित्सकाच्या शुल्काच्या ठरावीक टक्क्यांनी बांधलेले असले म्हणजे मूळ आकडा वर सरकला की त्याच्या दावणीला बांधलेले हे आकडेही आपोआप वर सरकतात. शस्त्रक्रियागृह तेच, टेबल तेच, हत्यारे तीच, हातही तेच; फरक पडला तो रुग्ण शुद्धीवर आल्यानंतर कोणत्या खिडकीतून बाहेर पाहणार एवढ्याचाच.

याचे समर्थन रुग्णालयांचे चालक असे करतात की, सधन रुग्णाकडून घेतलेल्या अधिक पैशातून जनरल वॉर्डातील रुग्णाचा दर खाली राखता येतो. हे समर्थन अगदीच टाकाऊ नाही. सार्वजनिक न्यासांच्या जुन्या रुग्णालयांत ही व्यवस्था पुष्कळ वर्षे प्रामाणिकपणे चालली आणि काही ठिकाणी आजही चालते. माझी हरकत सधनाने अधिक देण्याला नाही, तो अधिक काय काय देणार आहे हे त्याला भरतीच्या खिडकीवर न सांगण्याला आहे. त्यात १८ जुलै २०२२ पासून, दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर, अतिदक्षता विभाग वगळता, ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आहे. शिवाय दिवस मोजण्याची रीत प्रत्येक रुग्णालयाची निराळी. कोठे दुपारी बाराला दिवस पालटतो, कोठे मध्यरात्री, तर कोठे भरतीच्या तासापासून चोवीस तास धरतात, आणि घरी सोडण्याचे कागद तयार होण्यास लागलेला विलंब कोणाच्या खाती मांडावयाचा हा वाद बहुधा रुग्णाच्या विरुद्ध निकालात निघतो.

खोलीनंतर औषधे, आणि औषधांबरोबर ज्यांना रुग्णालयाच्या भाषेत ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणतात त्या एकदा वापरून टाकून देण्याच्या वस्तू: सिरिंजा, हातमोजे, कॅन्युला, सलाइनच्या नळ्या, पट्ट्या, टाक्यांचे धागे. या रकान्याकडे देशाचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले ते २०१७ च्या अखेरीस. गुरुग्राममधील एका नामांकित रुग्णालयात डेंग्यूने आजारी असलेली सात वर्षांची मुलगी दोन आठवड्यांच्या उपचारांनंतर दगावली आणि तिच्या आईवडिलांच्या हाती सुमारे १६ लाख रुपयांचे बिल पडले. त्यात शेकडो सिरिंजा आणि हजारांवर हातमोजे मांडलेले होते. लोकांचा क्षोभ झाला, चौकश्या झाल्या, आणि राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने दिल्ली आणि आसपासच्या परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासावयास घेतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बिलांतील सुमारे ४६ टक्के रक्कम औषधे, साधने आणि तपासण्या यांची होती, आणि काही वस्तूंवरील नफा खरेदीच्या किमतीच्या १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला होता.

या आकड्याने वाचकाचे डोळे विस्फारणे साहजिक आहे, पण त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही की, यांतील बहुतेक विक्री वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीच्या, म्हणजे एमआरपीच्या, आतच झालेली होती. कमाल किरकोळ किंमत ही ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे अशी आपली समजूत असते आणि वाण्याच्या दुकानात ती बऱ्याच अंशी खरीही ठरते. रुग्णालयाच्या औषधालयात मात्र तिचे कार्य उलटे होते. तेथे वस्तू निवडणारा डॉक्टर, खरेदी करणारे रुग्णालय आणि पैसे देणारा रुग्ण असे तीन निराळे पक्ष असतात. पैसे देणाऱ्याला निवड नसते आणि निवडणाऱ्याला झळ नसते. समजा, दोन कारखानदार एकाच प्रकारची सिरिंज रुग्णालयाला पाच रुपयांस देऊ करतात, परंतु एकाने तिच्यावर किंमत छापली आहे दहा रुपये आणि दुसऱ्याने पन्नास. तर खरेदीखाते कोणाचा माल घेईल हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. चढाओढ किंमत खाली आणते हा बाजाराचा सर्वमान्य नियम, पण येथे चढाओढ छापील किंमत वर चढवते. मोठ्या खरेदीदारांच्या मागणीपायी कारखानदारांना चढ्या किमती छापाव्या लागतात, असे प्राधिकरणाच्या त्या अहवालातही नमूद आहे.

सरकारच्या हाती याविरुद्ध २०१३ चा औषध मूल्य नियंत्रण आदेश आहे. त्याप्रमाणे अत्यावश्यक म्हणून अनुसूचित केलेल्या औषधांच्या कमाल किमती बांधून दिल्या जातात. अनुसूचीबाहेरच्या औषधांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे, आणि मुळात ती किती छापावी हे कारखानदाराच्या मर्जीवर राहते. अनुसूचीतील औषधाऐवजी तिच्याबाहेरचे मिश्रण लिहून देणे हा त्यातून निघणारा सोपा मार्ग होय. बाहेरच्या दुकानातून औषधे आणण्याची मुभा रुग्णाला असावी, रुग्णालयाच्याच दुकानाची सक्ती नसावी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने देशभर लागू होईल असा सक्तीचा आदेश न देता धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले.

किंमत बांधून देण्याने काहीच साधत नाही असे मात्र नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमती फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधण्यात आल्या, तेव्हा औषधलेपित स्टेंट सुमारे १ लाख २१ हजारांवरून २९,६०० रुपयांवर आणि साधा धातूचा स्टेंट सुमारे ४५ हजारांवरून ७,२६० रुपयांवर आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर मर्यादा आली आणि सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर उतरली. हे आकडे पाहून मला नेहमी प्रश्न पडतो, की रात्रीतून दोन-तृतीयांश किंवा तीन-चतुर्थांश उतरू शकणारी किंमत आदल्या दिवशीपर्यंत कशाची किंमत होती? पुढे अशा तक्रारी आल्या की, स्टेंटचा आकडा उतरला, पण कॅथलॅबचे, फुग्याचे आणि प्रक्रियेचे आकडे वर सरकले. एका रकान्यावर मर्यादा आणि बाकीचे मोकळे अशा स्थितीत दुसरे काय व्हावयाचे होते!

ज्यांच्याजवळ मेडिक्लेमची पॉलिसी आहे त्यांना वाटते की ही सारी काळजी विमा कंपनीने करावी. त्यांच्यासाठी निराळाच धक्का राखून ठेवलेला असतो, आणि त्याचे मूळही पुन्हा त्या खोलीतच आहे. कित्येक पॉलिसींत, विशेषतः जुन्या आणि कामाच्या ठिकाणाहून मिळालेल्या सामूहिक पॉलिसींत, खोलीच्या भाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या १ टक्का असते. समजा, विमा ५ लाखांचा आहे, म्हणजे खोलीची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये. आणि रुग्णाने खोली घेतली ८,००० रुपयांची. बिल झाले २,१०,००० रुपये: खोलीचे तीन दिवसांचे २४,०००; शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषा मिळून १,१२,०००; औषधे, वस्तू आणि तपासण्या यांचे ७४,०००. सामान्य माणूस म्हणेल की, खोलीतील फरकाचे नऊ हजार आपण भरू, उरलेले कंपनी देईल. कंपनी तसे करीत नाही. मर्यादेचे भाड्याशी जे प्रमाण, म्हणजे आठास पाच, त्याच प्रमाणात ती शस्त्रक्रियेशी निगडित खर्चही देते: खोलीचे १५,०००, आणि १,१२,००० ऐवजी ७०,०००. औषधे आणि वस्तूंपैकी हातमोजे, प्रसाधने, कागदपत्रांचा आकार असे ‘अदेय’ ठरलेले समजा ६,००० वजा होऊन ६८,००० मिळाले. एकूण १,५३,०००. रुग्णाला भरावे लागले ५७,००० रुपये, आणि तेही ‘कॅशलेस’ या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेत.

हा प्रमाणशीर कपातीचा नियम करारात लिहिलेला असतो, म्हणून त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पण तो लागू करण्यास मर्यादा आहेत आणि त्या फार थोड्यांना ठाऊक असतात. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० साली स्पष्ट केले आहे की, ही कपात औषधे व वापरून टाकावयाच्या वस्तू, शरीरात बसवावयाची साधने आणि निदानाच्या तपासण्या यांवर करता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारालाही ती लागू नाही. आणि जे रुग्णालय खोलीच्या प्रतीनुसार निराळे दर आकारतच नाही तेथे ती मुळीच करता येत नाही. वरच्या उदाहरणात औषधांच्या ७४,००० वरही आठास पाच लावून हिशेब केलेला दिसला, तर ते पत्र परत पाठवण्याजोगे आहे. मे २०२४ च्या परिपत्रकाने आणखी एक बंधन घातले: कॅशलेसची मागणी आल्यावर एका तासात आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसावयाचा.

येथवर वाचून एखादा डॉक्टर वाचक म्हणेल की, आमची बाजू कोठे आहे? ती आहे, आणि ती ऐकली पाहिजे. शहरात जागेचे भाव, खासगी महाविद्यालयात पदवीसाठी मोजलेली रक्कम, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची हप्त्यांवर घेतलेली यंत्रे, परिचारिकांचा तुटवडा, विमा कंपन्यांनी महिनोन्‌महिने थकवलेली देणी, या साऱ्यांचा भार वीस खाटांच्या नर्सिंग होमवर जितका पडतो तितका साखळी रुग्णालयावर पडत नाही, आणि म्हणून लहान रुग्णालये मिटत चालली आहेत व रुग्ण मोठ्यांच्या दारी जात आहेत. शिवाय बिलात न दिसणारा एक खर्च आहे, तो म्हणजे रुग्ण धाडणाऱ्याला द्यावयाचा ‘कट’. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी महाराष्ट्रासह देशातील ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ साली ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ही गोष्ट व्यवसायातल्याच माणसांनी उघड बोलून दाखवली आहे. २०१७ साली मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने डॉक्टरांना कमिशन दिले जात नाही अशा आशयाचा फलक भर रस्त्यावर लावला, तेव्हा व्यवसायबंधूंच्या संघटनेने त्यावरच आक्षेप घेतला. त्याच वर्षी राज्य सरकारने कट-प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवला. त्याचा कायदा काही झाला नाही.

कायद्यांची मात्र वाण नाही. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, ज्याच्या २०१२ च्या नियमांत सरकारने ठरवलेल्या मर्यादेत दर आकारण्याची तरतूद आहे, तो या राज्याने स्वीकारलेला नाही. तथापि जानेवारी २०२१ मध्ये राज्याने आपल्या जुन्या अधिनियमाखालील नियमांत मोठी सुधारणा केली: रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावयाची, भरतीशुल्क, खाट, अतिदक्षता, डॉक्टरांची भेट अशा १५ बाबींचे दर प्रदर्शित करावयाचे, आणि पैसे थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवावयाचा नाही. दर किती असावा याविषयी हे नियम मौन पाळतात. तो आधी दिसावा, एवढाच त्यांचा आग्रह आहे. माझ्या मते पहिली पायरी हीच होती. पण सनदेचा फलक जिन्याखाली आणि दरांचा फलक मुळीच नाही अशी रुग्णालये मी पाहिली आहेत, आणि नोंदणीचे नूतनीकरण करणारा अधिकारीही त्याच जिन्यावरून वर गेला असेल.

सरकारला दर ठरवता येत नाहीत, बाजार कोलमडेल, असे जे सांगितले जाते त्याला उत्तर महाराष्ट्रानेच एकदा देऊन ठेवले आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, २१ मे २०२० च्या अधिसूचनेने, राज्याने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधले: साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात श्वसनयंत्राविना ७,५०० आणि श्वसनयंत्रासह ९,०००. बिले तपासण्यासाठी महापालिकांनी आणि जिल्हा प्रशासनांनी लेखापरीक्षक नेमले, आणि कित्येक कुटुंबांना जादा घेतलेली रक्कम परत मिळाली. हा प्रयोग फसला म्हणणाऱ्यांना एक दाखला देता येतो: दरांच्या बाहेर ठेवलेल्या पीपीई किट, महागडी औषधे आणि काही तपासण्या याच रकान्यांत तक्रारींचा ढीग साचला. पण मला तो दाखला प्रयोगाच्या बाजूचाच वाटतो, कारण जेथे बांध घातला तेथे पाणी अडले आणि जेथे ठेवला नाही तेथूनच ते वाहिले. पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, केरळ उच्च न्यायालयासमोर एका रुग्णालयाचे असे बिल आले की ज्यात भाताच्या पेजेचे तेराशेहून अधिक रुपये लावलेले होते, आणि न्यायालयाने केरळातील दर बांधण्यास पाठबळ दिले. साथ ओसरली तसे आमच्याकडचे दर गेले आणि लेखापरीक्षकही गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दरांचा प्रश्न पुन्हा निघाला तेव्हा उदाहरण दिले गेले ते मोतीबिंदूचे: सरकारी ठिकाणी सुमारे १०,००० रुपयांत होणारी शस्त्रक्रिया खासगीत ३०,००० पासून १,४०,००० पर्यंत. न्यायालयाने केंद्राला राज्यांशी बोलून दर ठरवण्यास सांगितले, आणि तसे न झाल्यास केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे दर तात्पुरते लागू करण्याचा विचार करू असे बजावले. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने याला हरकत घेतली की, गावोगावचा खर्च आणि भिंगांच्या प्रती निराळ्या असताना दर एकच कसा असेल. हरकत वाजवी आहे. दरांत फरक असू द्यावा. मात्र कोणत्या भिंगाला किती आणि शस्त्रक्रियेला किती हे निराळे लिहिलेले रुग्णाला आधी मिळावे, यास भिंगाची कोणतीही प्रत आड येत नाही.

मग भरतीच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असेल तर त्याच्या हाती पुष्कळ आहे. खोलीच्या प्रत्येक प्रतीप्रमाणे त्याच शस्त्रक्रियेचा लेखी अंदाज मागावा, त्यात औषधे व वस्तू धरल्या आहेत की वगळल्या आहेत हे लिहून घ्यावे. पॉलिसीतील खोलीची मर्यादा विमा-कक्षाला तोंडी न विचारता पॉलिसीच्या कागदातच पाहावी. आणि भरती असताना दर दिवसाचे चालू बिल मागावे, कारण तिसऱ्या दिवशी आढळलेली दुबार नोंद दुरुस्त होते, सातव्या दिवशी ती इतिहासजमा झालेली असते. ज्यांचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत आहे त्यांनी रुग्णालय धर्मादाय आहे की काय याची चौकशी आधी करावी. सार्वजनिक न्यास अधिनियमाचे कलम ४१ कक आणि २००६ ची उच्च न्यायालयाची योजना यांप्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी, म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी, सवलतीत राखाव्या लागतात, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निराळ्या निधीत जमा करावी लागते. मुंबई-पुण्यातील कित्येक आलिशान रुग्णालये याच यादीत आहेत, ही गोष्ट त्यांच्या संगमरवराकडे पाहून ध्यानात येत नाही.

आणि बिल भरून झाल्यावरही दाद मागण्याची वाट बंद होत नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवून दिले आहे, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगापुढील फिर्यादीस शुल्क पडत नाही. तंटा विमा कंपनीच्या कपातीचा असेल तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी विनाशुल्क चालतात, वकिलाची गरज नसते, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत ओळीओळीचे बिल जोडावे लागते. एकरकमी आकडा लिहिलेली पावती तेथे चालत नाही. ती रुग्णालयातून तपशिलासह बदलून घ्यावयाची ती घरी निघण्यापूर्वी, खिडकी उघडी असतानाच.